कावळा नाक्यावर मधली गाडी: मागून धडक बसली, कागदावर चूक मात्र माझी

मधली_गाडी
नमस्कार मंडळी. सोमवारी संध्याकाळी कोल्हापुरात कावळा नाक्याला सिग्नलच्या रांगेत माझी हॅचबॅक उभी होती. मागून केए-२३ (कर्नाटक, चिक्कोडी) पासिंगची एसयूव्ही आदळली, माझी गाडी ढकलली जाऊन पुढच्या सेडानला लागली. कुणाला इजा नाही. तिघांनी एकमेकांचे नंबर घेतले, फोटो काढले, रस्ता मोकळा केला. पोलिसात नोंद केलेली नाही.

गाडी २०२१ची, ११९७ सीसी. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, जुलै २०२५ला रिन्यू केलेली, एनसीबी (नो क्लेम बोनस) ४५ टक्के, झिरो डेप (पार्टचा घसारा न कापायचं ॲड-ऑन) नाही. एस्टिमेट २८,४०० रुपये: प्लास्टिकचे पार्ट (मागचा बंपर, ब्रॅकेट, टेल लॅम्प, पुढची जाळी) ११,६००, बंपरच्या आतला लोखंडी बार २,४००, डेंटिंग मजुरी ६,०००, पेंटिंग ८,४००.

घोळ असा की विमा कंपनीच्या माणसानं गाडी बघून लिहिलं, 'विमाधारकाचे वाहन पुढील वाहनास धडकले, त्यानंतर मागील वाहनाने धडक दिली.' एसयूव्हीवालाही तेच म्हणतोय, की मी आधी पुढच्याला ठोकलं आणि गचकन थांबलो. सेडानवाले काका माझ्याकडं १५,००० मागतायत. एसयूव्हीवाला ८,००० रोख द्यायला तयार आहे, पण 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून पाहिजे म्हणतो.

चूक माझी नाही हे कंपनीला पटवायचं कसं? आणि ते आठ हजार घ्यावेत का?

रंकाळा_राउंड
मागून ठोकणारा तो चुकीचा. विषय संपला. आठ हजार घे आणि मोकळा हो.

नुकसान_मोजणारा
विषय एवढ्यात संपत नाही. आधी एक गैरसमज काढू. तुमची स्वतःची कंपनी तुमच्या गाडीचं जे नुकसान भरते, त्या 'ओन डॅमेज'ला चूक कुणाची हा प्रश्नच नसतो. चूक शंभर टक्के तुमची असली तरी लायसन्स, पॉलिसी, आरसी नीट असेल तर क्लेम मिळतो. त्यामुळं 'चूक माझी नाही' म्हणून कंपनीशी वाद घालून क्लेमची रक्कम एक रुपयानंही वाढत नाही आणि एनसीबीही वाचत नाही. एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याचं बक्षीस. चूक कुणाचीही असो, ओन डॅमेज क्लेम घेतला की तो शून्यावर येतो, 'एनसीबी प्रोटेक्ट' ॲड-ऑन घेतलेलं असेल तेवढाच अपवाद.

मग ते वाक्य दुरुस्त का करायचं? कारण सेडानवाल्यांचा दावा आणि एसयूव्हीच्या कंपनीकडचा तुमचा दावा, दोन्ही त्या वाक्यावर फिरतात. शिवाय ते तसंच राहिलं तर पुढचा मार आणि मागचा मार या दोन वेगळ्या घटना धरून वजावट (क्लेममधली आपण सोसायची ठरलेली रक्कम) दोनदा कापली जाऊ शकते.

आता हिशोब. गाडी चार ते पाच वर्षांच्या टप्प्यात आहे, म्हणजे धातूच्या पार्टवर ३५ टक्के घसारा (वयामुळं घटलेली किंमत). प्लास्टिक आणि रबर, वय काहीही असो, ५० टक्के. मजुरी पूर्ण. पेंटिंगचं बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग मटेरियल धरतात आणि त्या मटेरियलचे ५० टक्के कापतात.

प्लास्टिक ११,६००चे ५,८००. बार २,४००चा १,५६०. मजुरी ६,०००. पेंटिंग ८,४००मधून १,०५० वजा, म्हणजे ७,३५०. बेरीज २०,७१०. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट १,०००. हातात १९,७१०, खिशातून ८,६९०. जुन्या पार्टच्या भंगारापोटी थोडं आणखी कापतील.

एनसीबीचं नुकसान लोक एकाच वर्षाचं धरतात, तिथं फसतात. तुम्ही पुढच्या जुलैत ५० टक्क्यांवर जाणार होता. क्लेम घेतला तर ० पासून २०, २५, ३५, ४५, ५० अशी पायरी पुन्हा चढायची. एनसीबी फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. तुमचा मूळ ओन डॅमेज प्रीमियम ७,००० धरला तर पाच रिन्यूअलमधला फरक ३,५०० + २,१०० + १,७५० + १,०५० + ३५०, म्हणजे ८,७५०, वर १८ टक्के जीएसटी धरून १०,३२५. आयडीव्ही (गाडीची विम्यातली किंमत) दरवर्षी उतरते, त्यामुळं प्रत्यक्षात नऊ हजारांच्या आसपास. तुमच्या पॉलिसीवरचा आकडा घालून गणित परत करा.

म्हणजे क्लेमचा खरा खर्च ८,६९० अधिक नऊ-दहा हजार, साधारण १८ ते १९ हजार. क्लेम न करता रोख घ्यायची असेल तर ती साडेनऊ-साडेदहा हजारांच्या वर गेल्याशिवाय परवडत नाही. आठ हजार कमीच आहेत. आणि गाडी खोलायच्या आधी रोखीचा सौदा करूच नये. बंपरमागं काय निघेल ते बंपर उतरल्याशिवाय कळत नाही, एस्टिमेट खाली येण्यापेक्षा वर जायचीच सवय जास्त.

पत्रा_आणि_पुटी
भावा, गाडी अजून खोलली नसशील तर दोन दिवस तशीच ठेव. तुझा साक्षीदार पत्र्यातच हाय.

पहिली गोष्ट, मागचा मार आणि पुढचा मार यांची तुलना. तू सांगतोस मागं बंपर फुटला, लोखंडी बार वाकला, टेल लॅम्प गेला. पुढं नुसती जाळी आणि नंबर प्लेट. तू स्वतःच्या वेगानं सेडानला ठोकलं असतंस तर पुढचा बंपर आत गेला असता, रेडिएटरच्या पुढची फ्रेम हलली असती, बॉनेटची कड उचलली असती. ढकललेल्या गाडीला मागं जास्त आणि पुढं कमी लागतं, कारण धडकेचा बराचसा जोर मागचा पत्रा वाकवण्यातच संपतो. हे फोटोत शेजारी शेजारी दिसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, उंची. जोरात ब्रेक मारत जाणारी गाडी नाक खाली घालते. तू ब्रेक मारत सेडानवर गेला असतास तर तुझ्या नंबर प्लेटची खूण सेडानच्या बंपरवर नेहमीच्या उंचीपेक्षा खाली उमटली असती. उभ्या गाडीला ढकललं तर खूण जवळजवळ सपाट उंचीला येते. तिन्ही गाड्या सपाट जागेवर, टायरची हवा बरोबर, मेजर टेप जमिनीपासून उभी धरायची आणि टेपसकट फोटो काढायचा. चार गोष्टी मोज: एसयूव्हीच्या बंपरची उंची, तुझ्या मागच्या माराची उंची, तुझ्या पुढच्या नंबर प्लेटची उंची, सेडानवरच्या खुणेची उंची. पण नुसत्या उंचीवर सगळं ठरवू नको. ढकलताना तुझा पाय ब्रेकवर असला तर नाक थोडं वाकतंच.

तिसरी गोष्ट लोक बघतच न्हाईत. नंबर प्लेटचे स्क्रू. सेडानच्या बंपरवर स्क्रूचे ठसे असतील. एकच स्वच्छ ठसा म्हणजे एकदाच टेकली. दोन ठसे थोडे सरकलेले असतील तर दोनदा लागली, मग मात्र तुझी बाजू लंगडी. त्या काकांना सांग, बंपर पॉलिश करायच्या आधी जवळून फोटो घेऊ देत.

आणि गाडी खोलताना कंपनीच्या माणसाला बोलव. बंपर उतरल्यावर बघायचं: बार, फोम, बाजूच्या क्लिपा आणि रिटेनर, स्टेपनीच्या खड्ड्याचा पत्रा, डिकीच्या लॉकचा हूक, सायलेन्सरचे रबर हँगर, रिव्हर्स सेन्सरची वायर. स्टेपनी काढून खड्ड्यात बॅटरी मारून बघ, सीलंटला भेग असली की पावसाळ्यात पाणी भरणार. वाढीव काम निघालं तर पुरवणी एस्टिमेट द्यायचं आणि त्यांनी बघून हो म्हटल्यावरच हात लावायचा. आधी काम केलं की ते पैसे बुडाले म्हणून समज. जुने पार्ट टाकू नकोस, नंतर तपासायला मागतात. आणि बिल जीएसटीचं पाहिजे. उद्यमनगरात साध्या पावतीवर काम स्वस्त होतं, पण ती पावती क्लेमला चालत न्हाई.

मधली_गाडी
दोघांचे आभार. गाडी खोललेली नाही. सेडानवाल्या काकांशी आत्ता फोनवर बोललो, ते म्हणतात 'मला एकच धक्का बसला.' हे उपयोगाचं आहे का? आणि त्यांचे १५,००० कोणी द्यायचे?

न्यायसंकुल_कट्टा
उपयोगाचं? तुमच्या हातातला सगळ्यात भारी पुरावा तोच आहे. तुम्ही आधी ठोकलं असतं आणि मग एसयूव्ही आली असती तर पुढच्या गाडीत दोन धक्के जाणवले असते. काकांकडून आजच लिहून घ्या: तारीख, वेळ, जागा, तिन्ही गाड्यांचे नंबर, 'माझी गाडी उभी होती, मागून एकच धक्का बसला', सही. त्यांना घाबरवू नका, गोडीत घ्या. हा कागद त्यांच्याही फायद्याचा आहे.

त्यांच्या पैशांबद्दल. पॉलिसीच्या अटींत एक कलम असतं: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकानं चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही, प्रत्यक्ष द्यायचेही नाहीत. म्हणून काकांना 'देतो हो' म्हणू नका, व्हॉट्सॲपवर तर नकोच. काकांपुढं दोन वाटा आहेत. स्वतःच्या पॉलिसीवर ओन डॅमेज, किंवा थर्ड पार्टी म्हणून एसयूव्हीवर, आणि त्यांना वाटलं तर तुमच्यावरही. दोन गाड्यांच्या एकत्रित निष्काळजीपणाचा आरोप असेल तर तिसरा माणूस दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो, वाटणी त्या दोघांनी नंतर करायची. तुमच्यावर आलाच तर तो दावा तुमची कंपनी लढते आणि भरते. खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा असते. फक्त पॉलिसीचं शेड्यूल (तपशिलाचं पान) उघडून बघा, थोडा प्रीमियम वाचवायला ती ६,०००वर आणून ठेवलेली नाही ना. काकांची मागणी आली आहे हे कंपनीला आजच ईमेलनं कळवा.

वर रंकाळा_राउंड म्हणतात 'मागचा तो चुकीचा'. सुरुवात तिथून होते हे खरं. २०१७च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्सप्रमाणं मागच्यानं पुढची गाडी अचानक थांबली तरी आपल्याला थांबता येईल इतकं अंतर ठेवायचं असतं. पण त्याच नियमांत सबळ कारणाशिवाय गचकन ब्रेक मारू नये असंही आहे. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गावर इशारा न देता अचानक थांबलेल्या कारच्या चालकावर ५० टक्के जबाबदारी टाकली आणि मागून धडकलेल्या मोटरसायकलस्वारावर २० टक्केच. म्हणून एसयूव्हीवाला 'गचकन थांबला' हे दोन शब्द घट्ट धरून बसला आहे. तुमचं उत्तर एकच: महामार्ग नाही, सिग्नलची रांग आहे, गाडी आधीपासून उभी होती. सिग्नल लाल होता हे दाखवणारं फुटेज मिळालं की त्याचा मुद्दा गळून पडतो.

फुटेजची घाई करा. दुकानांच्या कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरवर (रेकॉर्डरवर) आठ-पंधरा दिवसांत जुनं पुसून नवं चढतं. दुकानदाराला विनंती करून पेनड्राइव्हवर मूळ फाइल घ्या. मोबाइलनं स्क्रीनचं शूटिंग केलेलं शेवटचा उपाय. शहरातल्या सरकारी कॅमेऱ्यांचं फुटेज थेट तुम्हाला मिळणार नाही, त्यासाठी हद्दीच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्यातच 'अमुक वेळ ते अमुक वेळ फुटेज जतन करावे' असं लिहा. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर आवक शिक्का. बंपर चेपला एवढ्यावर एफआयआरसाठी भांडत बसू नका, स्टेशन डायरीची नोंद आणि शिक्का मारलेली प्रत पुरे. चार दिवस उशीर का झाला ते एका ओळीत लिहा. हे फुटेज पुढं अपघात दावा न्यायाधिकरणात वापरायचं असेल तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३च्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागेल, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलची डिजिटल ओळखखूण) भरायची असते. म्हणून फाइल कापू नका, नाव बदलू नका, व्हॉट्सॲपवरून फिरवून तीच मूळ म्हणून देऊ नका.

मधली_गाडी
अर्ज उद्या देतो. कंपनीच्या कागदातलं ते वाक्य बदलायला नेमकं काय लिहू? त्या माणसाला फोन केला तर 'सर्व्हे झाला, आता काही होत नाही' म्हणाला.

नुकसान_मोजणारा
होतं. फोनवर काही होत नाही, एवढंच त्याचं खरं आहे.

आधी हे बघा की आलेला माणूस परवानाधारक सर्व्हेअर होता की कंपनीचा स्वतःचा. मोटार क्लेममध्ये नुकसान ५०,०००च्या आत असेल तर परवानाधारक सर्व्हेअर सक्तीचा नाही, कंपनीचा माणूसही अंदाज काढू शकतो. तुमच्या केसमध्ये बहुधा तेच झालं असेल. कागद कुणाचाही असो, त्याची प्रत लेखी मागा.

मग क्लेम नंबर घालून 'पुरवणी जबाब' द्या. मजकूर साधा ठेवा:

'सदर वेळी माझे वाहन सिग्नलवर पूर्णपणे थांबलेले होते. मागून वाहन क्र. ... ची धडक बसल्याने माझे वाहन पुढे ढकलले जाऊन पुढील वाहन क्र. ... ला लागले. त्याआधी माझ्या वाहनाचा पुढील वाहनाशी कोणताही संपर्क आला नव्हता. पुढील वाहनाच्या चालकाचे लेखी निवेदन, माराच्या उंचीचे फोटो व पोलीस अर्जाची पोच सोबत जोडली आहे. तपासणी अहवालातील घटनेचे वर्णन त्यानुसार दुरुस्त करावे व ही एकच घटना धरावी.'

एसयूव्ही किती वेगात होती, चालक मोबाइलवर होता का, असलं काही आपण पाहिलं नसेल तर लिहू नका. एक वाक्य खोटं निघालं की बाकीची चारही संशयात जातात. क्लेम फॉर्मवर गाड्यांचं चित्र काढायची जागा असते, ती मोकळी सोडतात लोक. तीन चौकोन, बाण, सिग्नल, आपल्या आणि सेडानच्या मधलं अंतर अंदाजे फुटांत. एवढं काढाच. आणि फॉर्म एजंटनं भरला असेल तर त्याची प्रत मागवून तेच चुकीचं वाक्य तुमच्याच सहीखाली गेलेलं नाही ना, ते आधी तपासा. बऱ्याचदा मूळ तिथंच असतं.

उत्तर नाही आलं तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं ईमेल. त्यांना १४ दिवसांची मुदत आहे. मग विमा नियामकाचं 'बिमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५. त्यापुढं विमा लोकपाल, आपल्याला पुण्याचं कार्यालय. कंपनीनं नाकारलं किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही की तिथं जाता येतं, नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत. फी नाही, वकील चालत नाही. पण लोकपाल फक्त तुमच्या आणि तुमच्या कंपनीतल्या भांडणापुरता. एसयूव्हीच्या कंपनीची तक्रार तिथं घेऊन गेलात तर परत पाठवतील, कारण तुम्ही त्यांचे ग्राहक नाही. ग्राहक आयोगाचंही तेच.

न्यायसंकुल_कट्टा
एसयूव्हीच्या कंपनीसाठी दार वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. लोकांना वाटतं तिथं फक्त जखमी आणि मयताचे दावे चालतात, पण मालमत्तेचं नुकसानही चालतं. गाडी कर्नाटकची आहे म्हणून चिक्कोडीला जावं लागत नाही. अपघात कोल्हापुरात आणि तुम्ही राहता कोल्हापुरात, तेव्हा दावा कसबा बावड्याला न्यायसंकुलातच. मुदत अपघातापासून सहा महिने. चालक, मालक, विमा कंपनी तिघांनाही सामील करायचं. कंपनीचं नाव आणि पॉलिसीची मुदत एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की दिसते, आजच स्क्रीनशॉट घ्या.

खरं सांगायचं तर २८ हजारांसाठी पूर्ण दावा चालवणं वेळेच्या मानानं महाग पडतं. त्यामुळं आधी मालक आणि त्याची कंपनी यांना स्पीड पोस्टानं नोटीस, सोबत सगळे कागद. तेवढ्यानं जमलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं दाखलपूर्व अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवायचं. आणि कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं म्हणून आत्तापासून अपिलाची भाषा नको, वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर कलम १७३प्रमाणं अपीलच नाही.

आता ते आठ हजार. 'माझी काही तक्रार नाही' असं बिनशर्त लिहून दिलंत तर दोन गोष्टी होतील. एसयूव्हीवरचा दावा संपेल. आणि तुम्ही ओन डॅमेज क्लेम घेतलात तर एसयूव्हीकडून वसुली करायचा तुमच्या कंपनीचा हक्कही तुम्ही परस्पर सोडून दिला असं होईल, त्यावरून कंपनी तुमची रक्कम अडवू शकते. त्यापेक्षा क्लेम करा, आणि घसारा व वजावटीची जी ८,६९०ची फट राहते तेवढीच त्याच्याकडून घ्या. पावतीवर लिहा: 'विमा कंपनीने न दिलेल्या रकमेपोटी, विमा कंपनीचे हक्क अबाधित.' रोख नको, यूपीआय किंवा बँक ट्रान्सफर. कंपनीलाही कळवा. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत, पण न मिळालेल्या भागाचे घेता येतात.

रंकाळा_राउंड
बरं, माघार. पण तो ८,००० देतोय आणि फट ८,६९०ची. एवढ्यासाठी ताणायचं?

नुकसान_मोजणारा
६९०साठी ताणू नका, कागदावरच्या शब्दांसाठी ताणा. आणि पुरवणी एस्टिमेट आल्यावर फट वाढेल, म्हणून आकडा आत्ता पक्का करू नका. 'अंतिम असेसमेंटनंतर' म्हणा.

पत्रा_आणि_पुटी
शेवटचं. गाडी ताब्यात घेताना डिकी बंद करून चारी बाजूची फट बोटानं तपास, दोन्हीकडं सारखी पाहिजे. मग डिकीवर पाच मिनिटं पाइपनं पाणी मार, स्टेपनी काढून खड्डा कोरडा हाय का बघ. टेल लॅम्पच्या आत वाफ धरली तर गॅस्केट नीट बसलेलं न्हाई. हे सगळं झाल्यावरच काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर सही कर, आधी न्हाई.